संताच्या नावाचा दगड

"पण यात संताचं नाव कुठेच नाही," असं ती बाई अगदी सहज म्हणाली आणि फुलदाणीतल्या वाळक्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळत राहिली. वेल्समधल्या टविन गावच्या चर्चमध्ये तेव्हा आम्ही तिघंच होतो. ती, मी आणि सरदाराच्या दगडी पुतळ्याजवळ वाकून उभा असलेला एक उंच माणूस. तो खास त्या सरदारासाठी आला होता. चौदाव्या शतकातला ग्रिफिद अब आद्दा तिथे चिलखत घालून निजलाय. दगडातल्या कसल्याशा दोषामुळे हवा दमट झाली की त्याच्या एका डोळ्यात पाणी जमतं, म्हणून सगळे त्याला 'रडणारा सरदार' म्हणतात. आज डोळा कोरडा आहे बघून तो माणूस जरा हिरमुसला, माझ्याकडे बघून हसला आणि निघून गेला. ज्या उभ्या दगडासाठी मी आले होते त्याच्या शेजारून तो गेला, पण त्याने मान वळवली नाही. मी सवयीने त्या बाईला विचारलं, "हाच ना काडवनचा दगड?" ती म्हणाली, "हाच. पण यात संताचं नाव कुठेच नाही." पाठोपाठ ती इतर गोष्टी सांगत गेली, छप्पर कुठे गळतं, हिवाळ्यात ओल कशी चढते. माझं मात्र लक्ष त्या एका वाक्यात अडकलं. दगडावर नाव आहे ते बायकांचं आणि तो ओळखला जातो एका संताच्या नावाने, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

संत काडवन म्हणजे सहाव्या शतकात समुद्रापलीकडच्या, आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीतून इथे आलेला साधू. त्याने टविनला मठ वसवला आणि पुढे तो एनली बेटावर गेला, अशी परंपरा सांगते. दगड चर्चच्या आवारातला आणि अक्षरं कुणाला लागत नव्हती, त्यामुळे तो संताच्याच समाधीचा असणार असं लोकांनी ठरवून टाकलं. आपल्याकडे नाही का, गावाबाहेरचा कुठलाही जुना चौथरा पांडवांचा होतो, तसंच. चर्चही नावाला साजेसं आहे. बाराव्या शतकातले आखूड, जाडजूड, गोल खांब. त्यांच्यावर कसलीही नक्षी नाही, आणि वर भिंतीत उंचावर लहान खिडक्या. मूळचा मनोरा सतराव्या शतकाच्या अखेरीला कोसळला, आजचा एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याहीआधी, ९६३ साली, व्हायकिंगांनी हे ठाणं लुटलं होतं. दगड मात्र त्याच्याही आधीचा, बहुतेक अभ्यासकांच्या मते नवव्या शतकातला. म्हणजे लूट झाली तेव्हा तो इथेच कुठेतरी उभा असणार. त्यावर सोनं नव्हतं, म्हणून वाचला.

पहिल्या नजरेत तो फार काही देत नाही. सुमारे सात फूट उंच, अंगाने अरुंद, राखाडी. एखाद्या शेताच्या फाटकाला खांब म्हणून लावला असता तरी कुणी हटकलं नसतं. खिडकीतून येणारा उजेड सपाट पडला होता, त्यात नुसते ओरखडे दिसत होते. मी डोळे बारीक करून बघतेय हे त्या बाईच्या लक्षात आलं. हातातलं ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि टॉर्च घेऊन आली. "समोरून नाही धरायचा," म्हणाली आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, तिरका धरला. त्या क्षणी अक्षरं वर आली. हा अनुभव ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. जिथे काही नव्हतं तिथे एक बारीक खाच काळी झाली, तिच्या कडेला उजेडाची रेघ उमटली आणि बघता बघता ओळ तयार झाली. ओळी वरून खाली उतरत जातात, त्यामुळे मान कलती करून वाचावं लागतं. वळणदार अक्षरं, मठात चामड्याच्या पानांवर पोथ्या लिहीत तशी, बोरूच्या वळणाची. दगडफोड्याचा हात असा चालत नाही. ज्याने ही अक्षरं आखली तो रोज लिहिणारा माणूस होता. खोदकाम उथळ आहे. कुठे हात घसरल्यासारखा बारीक फाटा गेलाय, कुठे दोन अक्षरं इतकी जवळ आलीत की एकमेकांत शिरलीत. वर एक छोटा क्रूस आहे. ती बाई टॉर्च सरकवत होती आणि मी तिच्या मनगटामागून सरकत होते. असं करत आम्ही त्याला फेरी घातली, कारण लेख चारही अंगांवर आहे.

हा वेल्श भाषेतला सर्वांत जुना शिलालेख. त्याचा अर्थ लावायला विसावं शतक उजाडावं लागलं. बँगोरच्या विद्यापीठात वेल्शचे प्राध्यापक असलेले सर इफर विल्यम्स जुन्या वेल्शमधल्या कवितांवर आयुष्यभर खपले होते. १९४९ साली त्यांनी या दगडावर लेख लिहिला आणि एकेक अक्षर उकलून दाखवलं. त्यांच्या वाचनाप्रमाणे दगडावर म्हटलंय ते साधारण असं: अधिअनची बायको केइन्रुइ इथे आहे, बुद आणि मेइर्चिओ यांच्या जवळ. आणि दुसरीकडे: केलिनची बायको कुन, शोक आणि हानी उरते. पुढच्या अभ्यासकांनी यातलं बरंचसं बदललं. केइन्रुइचं नाव आता पुष्कळजण तेंग्रुमुई असं वाचतात आणि तिच्या नावापुढे 'लग्नाची बायको' असा शब्द आहे म्हणतात. शेवटच्या ओळीचा अर्थ काहीजण 'प्राणांतिक जखम उरते' असा लावतात. त्या बाईने टॉर्च खालच्या टोकाशी धरला आणि ती ओळ मोठ्याने वाचली. त्रिकेत नितानाम. तिच्या तोंडी ती भाषा घरची होती, त्यामुळे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे ते शब्द ती किराणा यादी वाचावी इतक्या सरळ आवाजात वाचू शकली. मला घशात काहीतरी दाटून आलं.

कुन नावाची कुणी एक बाई गेली, आणि मागे राहिलेल्याला ते सोसवलं नाही.

इतकंच लिहिलंय. ती कुणाची राणी नव्हती, संत नव्हती, तिने काही दान दिलं असंही म्हटलेलं नाही. वेल्समध्ये याच्याआधीचे कोरीव दगड खंडीने आहेत आणि ते जवळजवळ सगळे लॅटिनमध्ये, काही आयर्लंडच्या ओगम लिपीतल्या रेघांत. अँगलसी बेटावरच्या लानगाड्वलाडरच्या चर्चमध्ये भिंतीत बसवलेला एक दगड आहे, सातव्या शतकातला. त्यावर राजा काटामानुसला 'सर्व राजांत अतिशहाणा, अतिविख्यात' म्हटलंय. पेम्ब्रोकशरमध्ये नेव्हर्नच्या चर्चमध्ये खिडकीच्या तळाशी आडवा टाकलेला दगड आहे, त्यावर क्लुटोरीच्या मुलाचं, माग्लोकुनुसचं नाव लॅटिनमध्ये आणि ओगममध्ये असं दोनदा कोरलंय. अमक्याचा मुलगा तमका इथे पडला आहे, अशी ती रीत. ती भाषा रोमन गेल्यावरही पाद्र्यांनी आणि राजांनी जपली, कारण मोठेपण सांगायला तीच लागे. आणि मग एके दिवशी टविनच्या मठात, जिथे लॅटिन येणारी माणसं होती, पोथ्या होत्या, कुणीतरी ठरवलं की या बायकांचं घरच्या बोलीत लिहायचं. हे आपोआप होत नाही. लिहिणाऱ्याला लॅटिनमधला ठरावीक साचा तोंडपाठ असणार, 'हिक याकेत', म्हणजे 'इथे पडला आहे', म्हटलं की झालं. तो सोडून त्याने जी भाषा कधी दगडावर गेलीच नव्हती तिच्यात हात घातला. तिच्यासाठी शुद्धलेखन ठरलेलं नव्हतं, कुठे शब्द तोडायचा ते ठरलेलं नव्हतं. माझी अशी खात्री आहे की शेवटची ओळ त्याला लॅटिनमध्ये सुचलीच नसती. रडणं आईच्या भाषेतच येतं.

परतीच्या गाडीत मी हेच घोळवत बसले. माखन्थ्लेथपर्यंतचा तो रुळ डवी नदीच्या खाडीच्या अगदी कडेकडेने जातो. भरती असेल तर पाणी रुळाखालच्या दगडांना लागतं, ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि त्यात पक्षी चोची खुपसत असतात. डवी जंक्शन नावाचं स्टेशन तर दलदलीच्या मधोमध आहे. तिथे उतरणारा माणूस नेमका कुठे जात असेल असा मला नेहमी प्रश्न पडतो. खाडीच्या त्या वासाने मला थेट नागावला नेऊन सोडलं. चिखल, शेवाळ, खारट वारा, जरासा कुजका. आमच्या आजीचं घर तिथे. अंगणात सुपारी, मागच्या दारी विहीर, विहिरीच्या पाठीमागे वाडीतून समुद्रापर्यंत जाणारी पायवाट. आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तिचं नाव सरस्वती. घरात, देवळात, रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे सरस्वती. पण ते तिचं नाव नव्हतं. लग्नात आजोबांनी ताम्हनातल्या तांदळात अंगठीने ते लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजल्या आणि पेढे वाटले. नंतर ते तांदूळ भातात शिजले असणार.

तिचं माहेरचं नाव काय होतं, ते मी टविनहून आल्यावर विचारायला सुरुवात केली. आईला ठाऊक नव्हतं; सून म्हणून घरात आल्यावर असले प्रश्न कोण विचारतं. मोठी आत्या म्हणाली, "यमू म्हणायचे तिला माहेरी, मला आठवतंय, तिचा भाऊ यायचा तो 'यमे' अशी हाक मारायचा." धाकट्या काकांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते यमू ही आजीची पाठची बहीण, ती लहानपणीच गेली, आजी ती द्वारका. फोनवर दोघं एकमेकांशी भांडले, प्रेमाने. आत्या म्हणाली, तू धाकटा, तुला काय ठाऊक. काका म्हणाले, शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती, बरळायची तेव्हा स्वतःला द्वारकी म्हणायची. शाळेत तिला घातलंच नव्हतं, तेव्हा पटावर पाहायची सोय नाही. माहेरचं घर विकलं गेलंय. आजीला जाऊन फार वर्षं झाली नाहीत, तिच्या हातचं खाल्लेली माणसं अजून हिंडतीफिरती आहेत, आणि तिच्या नावाची ही दोन वाचनं आहेत. बाराशे वर्षांपूर्वीच्या बाईला केइन्रुइ म्हणायचं की तेंग्रुमुई यावर विद्वानांचं जमत नाही याचं मग मला फारसं नवल वाटेना.

दगडावरचं 'अमक्याची बायको' मला चर्चमध्ये उभी असताना खटकलं होतं, हेही सांगायला हवं. एवढं सगळं करून शेवटी नवऱ्याच्या नावानेच ओळख ना, असं मनात आलं. घरी आल्यावर, आत्या-काकांचं ते भांडण ऐकल्यावर, मी ती ओळ पुन्हा वाचली. तिथे आधी तिचं नाव आहे. कुन. मग केलिनची बायको. लग्न झालं तरी ती कुनच राहिली आणि मेली तीही कुन म्हणूनच. नवरा तिथे आहे तो तिचा ठावठिकाणा सांगण्यापुरता. आमच्या आजीच्या नावाने दगड कोरायचा झाला असता तर त्यावरची दोन्ही नावं आजोबांनीच दिलेली असती.

नागावहून अलिबागला जाताना वाटेत आक्षी लागतं. आमच्या लहानपणी तिथला शिलालेख रस्त्याच्या कडेला तसाच उभा असायचा, ऊनपाऊस खात. एसटीच्या खिडकीतून आजोबा बोट दाखवायचे, "तो बघ मराठीतला पहिला लेख," आणि मी बघेपर्यंत तो मागे पडलेला असायचा. श्रवणबेळगोळचं 'श्रीचावुंडराजें करवियलें' शाळेत सगळ्यांनी घोकलेलं, पण आक्षीचा त्याच्याही आधीचा, शके ९३४, म्हणजे १०१२ सालचा, असं शं. गो. तुळपुळ्यांनी दाखवून दिलं. केसिदेवराय हा पश्चिम समुद्राचा अधिपती, भइर्जु सेणुई हा त्याचा महाप्रधान, अशी भारदस्त सुरुवात होते. पण तो लेख कशासाठी कोरला? महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्याची नेमणूक केली म्हणून. हे मी मोठेपणी वाचलं तेव्हा आनंदाने उडालेच होते. बोडण आमच्या घरी होई. आजी पहाटेपासून सोवळ्यात. मोठ्या परातीत दूध, दही, तूप, मध, साखर, त्यात पुरणावरणाचा नैवेद्य, आणि सवाष्णींनी आणि कुमारिकेने गोल बसून हातांनी ते सगळं कालवायचं. बोटांच्या फटींतून ते गार, गुळगुळीत मिश्रण वर येई, मध आणि आंबूस दह्याचा मिळून एक वास सुटे. कुमारिका म्हणून मला कालवायला बसवत आणि मी मनापासून बसे. पुरुषांना त्या खोलीत मज्जाव. हजार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या त्याच पट्ट्यात बायकांचे हात असेच परातीत होते, आणि मराठी भाषा दगडावर चढली ती त्यांच्या परातीत धान्य पडावं म्हणून. बायकांची नावं मात्र तिथे नाहीत. नाव प्रधानाचं आणि राजाचं.

आपल्या दगडांवरचं बायकांचं रूप आठवायला लागले आणि मन खट्टू होत गेलं. परळला सापडलेला शिलाहार अपरादित्याचा लेख ११८७ चा. दानाचा सगळा मजकूर संस्कृतात आणि शेवटचा शाप तेवढा मराठीत, कारण तो सगळ्यांना कळायला हवा होता. हे दान मोडणाऱ्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होवो, असा तो शाप. कोकणात असे गधेगाळ ठिकठिकाणी उभे आहेत, काहींवर ते चित्रच कोरलेलं. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. तिथे बाई आहे, पण मुलाला धाक घालायला. आणि मग सतीशिळा. घाटावर कुठल्याही जुन्या देवळाच्या आवारात वीरगळांच्या ओळीत एखादी दिसते. कोपरात वाकलेला एक हात, पंजा उघडा, मनगटात चुडा, वर चंद्र-सूर्य. मला त्या हाताकडे फार वेळ बघवत नाही. चुडा कोरणाऱ्याने एकेक बांगडी वेगळी काढलेली असते, इतकं मन लावून. चेहरा काढलेला नसतो आणि बहुतेकींवर नावही नसतं. जी माणसं तिला जळताना बघत उभी होती त्यांना तिचं नाव नक्की ठाऊक होतं. दगडावर हाताऐवजी पाच अक्षरं कोरायला कमी श्रम पडले असते.

टविनच्या दगडाची ही बाजू मला सर्वांत मोठी वाटते. तिथे मरण आहे, पण त्याचं पुण्य केलेलं नाही. कुनने काही सिद्ध केलं म्हणून तिचं नाव राहिलेलं नाही. ती गेली, जखम राहिली, हे लिहिणाऱ्याला पुरेसं वाटलं.

बर्मिंगहॅमहून लिचफिल्डला लोकल जाते. तिथल्या कॅथेड्रलमध्ये संत चॅडच्या नावाची आठव्या शतकातली बायबलची पोथी आहे, आणि तिच्या समासात, पवित्र मजकुराच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, जुन्या वेल्शमधली एक नोंद आहे. टविनच्या दगडासारखीच फार जुनी, साधारण त्याच काळातली. एका जमिनीच्या भांडणाची. टुड्वुल्ख नावाचा माणूस उठून दावा करतो की तेलिखची जमीन माझी आहे, आणि ती तर एल्गु नावाच्या माणसाच्या ताब्यात असते. बराच काळ वाद चालतो. शेवटी निकाल एल्गुच्या बाजूने होतो. त्यानंतर एल्गु टुड्वुल्खला एक घोडा, तीन गाई आणि नुकत्याच व्यालेल्या आणखी तीन गाई देतो, कारण काय, तर आजपासून कयामतीच्या दिवसापर्यंत दोघांच्यात वैर राहू नये. हे वाचून मी अवाक झाले होते. जिंकलेला माणूस हरलेल्याला जनावरं देतो, आणि गावातली माणसं ते देवाच्या पोथीत लिहून ठेवतात म्हणजे कुणी नाकबूल होऊ नये. तिथे सुरुवात लॅटिनमध्ये होते, पण भांडण रंगात आलं की वाक्यं वेल्शमध्ये सरकतात. जमिनीचं भांडण आणि घरातलं मरण, या दोन ठिकाणी त्या भाषेने पहिल्यांदा अक्षराला हात घातलेला दिसतो. ही कागदपत्रं जुनी वाटतच नाहीत मला. आमच्या घरच्या ट्रंकेतही हेच होतं. सातबाऱ्याचे उतारे, आणि त्यांच्यात घडी घालून ठेवलेली 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' अशी कोपरा फाडलेली पोस्टकार्डं.

टविनच्या वरच्या डोंगरात एक मुलगी राहायची, मेरी जोन्स. विणकराची पोर, बाप लहानपणीच गेलेला. वेल्श बायबल विकत घ्यायचं म्हणून तिने वर्षानुवर्षं पैसे साठवले आणि १८०० साली, पंधराव्या वर्षी, पंचवीसेक मैल चालून ती बाला गावी टॉमस चार्ल्स नावाच्या पाद्र्याकडे गेली. अनवाणी गेली असं सांगतात. तिच्या त्या चालण्याची गोष्ट चार वर्षांनी लंडनमध्ये निघालेल्या बायबल सोसायटीच्या जन्मकथेत कायमची गोवली गेली. ते बायबल आज केंब्रिजच्या विद्यापीठात आहे आणि त्याच्या पानावर तिने स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलंय, हे पुस्तक माझ्या मालकीचं असं. तेवढी ओळ तिने इंग्रजीत लिहिली. वाचायला वेल्श, पण मालकी सांगायला इंग्रजी. मला या मुलीबद्दल फार माया वाटते. तिला नक्की वाटलं असणार की मालकी म्हटली की मोठ्यांची भाषा हवी. हजारेक वर्षांनी पुन्हा तेच. दगडावर लॅटिन असायचं तिथे आता इंग्रजी येऊन बसलं होतं. त्या एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं नोंदवलं. टविन ज्या ग्विनेद परगण्यात आहे तिथे हे प्रमाण बरंच जास्त, निम्म्याहून पुढे. पण गाव समुद्रकिनाऱ्यावरचं, इंग्लंडच्या मिडलंड्समधली माणसं निवृत्तीला येऊन राहिलेली, त्यामुळे रस्त्यावर इंग्रजीच कानी पडतं. फुलांच्या बाईने मला सांगितलं की तिची मुलगी कार्डिफला असते आणि नातवंडांना शाळेतून वेल्श येतं, "माझ्यापेक्षा शुद्ध." त्या 'शुद्ध'मध्ये अभिमान होता आणि थोडी उदासीही. माझी मुलगी 'आजी, मी जेवण केलं' म्हणते तेव्हा माझ्या आईच्या चेहऱ्यावर जे येतं तेच ते.

दगडावर मी हात ठेवला नाही. ठेवावासा मात्र फार वाटला. त्या बाईने टॉर्च विझवला तशी अक्षरं पुन्हा आत गेली आणि समोर नुसता राखाडी खांब राहिला. मी विचारलं, "मग तुम्ही याला काय म्हणता?" ती जरा गोंधळली. "काडवन स्टोन," म्हणाली, "सगळे तेच म्हणतात." मग थोडं थांबून, "माझी आई मात्र 'बायकांचा दगड' म्हणायची." ते तिच्या आईचं घरगुती नाव असावं, पुस्तकांत कुठे मला सापडलं नाही. पण मी तेव्हापासून तेच वापरते. माझ्या नोंदवहीत तसंच लिहिलंय. आत्याला आणि काकांना मी सांगितलंय की आता भांडू नका, घरात ज्या पाटीवर आजी-आजोबांची नावं आहेत तिच्यात 'सरस्वती'च्या खाली यमू आणि द्वारका ही दोन्ही घालू. काकांना ते पटलेलं नाही. ते म्हणतात, एक चूक असणारच, मग ती कायमची कशाला कोरायची. आत्या म्हणते, असू दे की एक चूक, निदान एक तरी बरोबर असेल. मी आत्याच्या बाजूची आहे. पाटीवाल्याने अक्षरांमागे दर सांगितलाय आणि काकांच्या होकारासाठी काम अडलंय.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणाला जायचं असेल तर बर्मिंगहॅमहून थेट गाडी आहे. मात्र माखन्थ्लेथला ती दोन भागांत तुटते. पुढचे डबे अबेरिस्टविथला जातात, तुम्हाला पथेलीकडे जाणाऱ्या डब्यांत बसायचंय, तेव्हा चढतानाच विचारून घ्या. डाव्या हाताची खिडकी धरा, खाडी त्या बाजूला आहे. स्टेशनपासून चर्च पायी काही मिनिटांवर. सरदाराला भेटा, दमट दिवस असेल तर त्याचा डोळाही बघा. आणि टॉर्च स्वतःचा न्या. मोबाइलचाही चालतो, पण तो समोरून धरायचा नाही. दगडाला लगटून, बाजूने, आणि अगदी सावकाश सरकवायचा. कुनचं नाव सापडायला वेळ लागतो.